मधली रेघ

१

जनार्दनराव लघाट्यांना नीट चालणारी वस्तू गप्प बसून बघवत नसे. घड्याळ बरोबर वेळ दाखवतंय एवढ्यावर चारचौघांचं समाधान होतं. यांना ते उघडून बघायचं असे. झाशीच्या रेल्वे कारखान्यात यंत्रांचे नकाशे काढायची नोकरी आणि संध्याकाळी फ्लाइंग क्लबची बिनपगारी सेक्रेटरीगिरी, अशी दोन्हीकडे त्यांच्या खाजेची सोय झाली होती. स्वतः मात्र ते एकदाही विमानात बसले नव्हते. बायकोने, प्रेमलाबाईंनी, गळ्याची शपथ घातली होती. शपथ फक्त नवऱ्याला घातली, मुलाला घालायची राहिली, आणि तेवढ्या फटीतून यशवंत विमान चालवायला शिकला.

एकोणीसशे अडतीसच्या होळीनंतर क्लबाने परदेशदौरा काढला. क्लबाची चारही लहान विमानं टप्प्याटप्प्याने कलकत्त्याला, तिथून अक्याब, तिथून रंगून, आणि त्याच वाटेने परत. ब्रह्मदेश नुकताच हिंदुस्थानातून वेगळा झाला होता, म्हणून रंगून म्हणजे परदेश, असं क्लबवाले छाती फुगवून सांगत. एक डॉक्टर, एक समथरकडचे जहागीरदार, एक रेल्वेतला गोरा इंजिनिअर आणि चौथा यशवंत, अशी मंडळी होती. यशवंत सगळ्यांत लहान, आणि लघाट्यांचा एकुलता एक.

निघायच्या सकाळी प्रेमलाबाईंनी त्याच्या हातावर दही ठेवलं. त्याने ते चाटलं, "आई, दूध-दही का पूरा डिपो खाली कर देगी क्या," म्हणून हसला, वाकून नमस्कार केला आणि नानांच्या, म्हणजे वडिलांच्या, सायकलीवर डबलसीट बसून गेला. सायकल हलायच्या आत प्रेमलाबाईंनी नवऱ्याला बजावलं होतं.

"तार येईपर्यंत घरात केर काढायचा नाहीये. मोलकरणीला सांगितलंय, तुम्हीही मध्येच हौसेने झटकाझटकी करू नका."

"का बरं?"

"माणूस प्रवासाला निघालं की त्याच्यामागे झाडू लावत नाहीत. पोचल्याचं कळलं की मात्र लगेच काढायचा. तेही विसरायचं नाही."

"लगेच का?"

"असं असतं."

जनार्दनराव या उत्तरावर पंचवीस वर्षं हसत आले होते. त्या दिवशीही हसले.

विमानं उडाली. मैदानावरची धूळ खाली बसली. क्लबाचा चौकीदार पंचम नेहमीप्रमाणे बैल घेऊन आला. बैलामागे काटेरी फांद्यांचं झाखर बांधलेलं असे. ते मैदानावरून ओढलं की चाकांच्या खुणा पुसून जमीन सारखी व्हायची. प्रत्येक उड्डाणानंतर हे काम ठरलेलं. म्हणजे एक प्रकारे मैदानाचा केरच.

"आज रहने दो, पंचम," जनार्दनराव म्हणाले. "बैल थका दिखता है."

पंचमने बैलाकडे पाहिलं. "बैल तो अबई उठो है, बाबूजी."

"तो भी रहने दो. कल देखेंगे."

असं आपण का म्हणालो, हे सायकलीवर टांग टाकताना त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांची त्यांनाच लाज वाटली. शास्त्राचा अभिमान बाळगणारा माणूस, आणि बायकोच्या केराला घाबरला! पण परत फिरून त्यांनी पंचमला काही सांगितलं नाही.

२

संध्याकाळी ते पुन्हा मैदानावर गेले. पुसायच्या नाहीतच खुणा, तर निदान वाचाव्यात, असा विचार.

या विमानांना पुढे दोन चाकं असतात. शेपटीखाली चाक नसतं, एक लोखंडी टाच असते, ती जमिनीवर फरफटते. त्यामुळे विमान धावू लागलं की मातीत तीन रेघा उमटतात, दोन चाकांच्या आणि मधली टाचेची. वेग आला की शेपटी उचलली जाते आणि मधली रेघ संपते. मग नुसती चाकं. मग तीही संपतात, आणि पुढे कोरी जमीन. उड्डाण असं जमिनीवर लिहिलेलं असतं, आणि ते वाचण्यात जनार्दनरावांना कादंबरी वाचल्याचा आनंद मिळे. डॉक्टरांची मधली रेघ लांबच लांब गेली होती. माणूस तसाच, निघता निघेना. यशवंतची लवकर संपली होती. ती ओळखायला त्यांना कष्ट नव्हते. गेल्या पावसाळ्यात त्याच्या विमानाची टाच मोडली, तेव्हा त्यांनी स्वतःच कारखान्यात नवी घडवून घेतली होती. तिला मध्ये बारीक खाच राहिली, म्हणून तिची रेघ दुहेरी उमटे.

जिथे ती संपत होती, तिथे त्यांनी हौसेने एक दगड ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी अलाहाबादहून तार आली. चौघंही सुखरूप पोचले, कलकत्त्याकडे निघत आहेत. तार पुरती वाचून व्हायच्या आत प्रेमलाबाईंनी पदर खोचला, झाडू घेतला आणि माजघरापासून ओसरीपर्यंत सगळं लख्ख केलं.

जनार्दनरावही मैदानावर गेले. पंचमला सांगायचं, बैल जुंपायचा, विषय संपवायचा. पण जाता जाता त्यांनी दगडाकडे नजर टाकली.

मधली रेघ दगडाच्या पुढे गेली होती.

थोडीथोडकी नाही. शंभर-दीडशे हात. दगडाला वळसा घालून ती दुहेरी रेघ सरळ पुढे गेली होती, पार चाकांच्या रेघा संपतात तिथल्याही पलीकडे. तिच्या दोन्ही बाजूंना चाकं नव्हती. ती एकटीच होती.

त्यांनी दगड उचलला, पाहिला, परत ठेवला. मग त्यांना हसू आलं. काल आपण दगड चुकीच्या जागी ठेवला, किंवा कोणी पोराने काठी ओढली. एवढं साधं आहे. त्यांनी एक काठी शोधली आणि शेजारी ओढून पाहिली. काठीची रेघ एकेरी आली, उथळ आली, आणि कड कुरतडल्यासारखी झाली. समोरची रेघ दुहेरी होती आणि तिची कड स्वच्छ होती.

"जोत दें बैल?" मागून पंचमने विचारलं.

इथे त्यांनी 'हो' म्हणायला हवं होतं. तार आली होती, घरचा केर निघाला होता, मैदानाचाही निघायला हवा होता. पण समोर एक वस्तू होती जी कशी चालते ते कळत नव्हतं, आणि असली वस्तू झाखराखाली घालणं जनार्दनरावांच्या रक्तात नव्हतं.

"कल," ते म्हणाले.

३

मग रोज संध्याकाळी कारखान्याचा भोंगा झाला की ते मैदानावर. क्लबाची सगळी विमानं दौऱ्यावर गेलेली, त्यामुळे तिकडे कुत्रंही फिरकत नसे. पत्र्याची शेड, वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी, पंचमची झोपडी आणि ती रेघ, एवढंच.

रेघ रोज पुढे जात होती. वारा सुटे, धूळ उडे, बाकीच्या तिघांच्या खुणा बुजत चालल्या, हिची कड तशीच ताजी. त्यांनी तिचा नकाशा काढायला घेतला. कागदावर ती उमटताना त्यांना खरोखर मजा येत होती, हे लपवण्यात अर्थ नाही. घरी प्रेमलाबाई विचारत, "हल्ली तिकडे कोणाला भेटायला जाता?" आणि ते म्हणत, "हिशेब पुरे करतोय क्लबाचे."

तारा येतच होत्या. कलकत्ता, सुखरूप. अक्याब, सुखरूप. मुलगा मजेत आहे, हे तारेवर छापून येत होतं. म्हणून तर रेघेची भीती वाटायचं काही कारण नव्हतं. यशवंतला काही झालं असतं आणि रेघ चालली असती, तर माणूस घाबरला असता. मुलगा तिकडे हसतोय-खेळतोय आणि रेघ इकडे चालली आहे, यात घाबरायचं काय? हे फक्त एक कोडं होतं. असं ते स्वतःला सायकलीच्या प्रत्येक पायडलागणिक सांगत.

अक्याबची तार आली त्या संध्याकाळी पंचम त्यांची वाट बघत रस्त्यावरच उभा होता.

"बाबूजी, आज बैल जोत लेन दो."

"क्यों? क्या हुआ?"

"तुमाई जा लकीर लौट रई."

तो पुढे, ते मागे, असे दोघं मैदानाच्या टोकापर्यंत गेले. रेघ तिथे मोठा, सावकाश वळसा घेऊन मागे फिरली होती. विमान जमिनीवरून हळूहळू चालवत आणताना जसा वळसा घेतात, अगदी तसा. आता तिचं तोंड शेडकडे होतं.

"रात को देखा कुछ?" जनार्दनरावांनी विचारलं.

"रात में नईं चलत. दुपरिया में चलत." पंचमने खांद्यावरचा पंचा तोंडावरून फिरवला. "हम झोपड़ी सें देखत हते. हवा नईं हती, पत्ता नईं हलत हतो, और धूरा उठत हती. तनक-तनक. जैसें कोऊ पाँव घसीटत होय."

"और कुछ? कोई आदमी?"

"हमने फिर नईं देखो. हम काय खों देखें?"

पंचमचं हे म्हणणं शहाणपणाचं होतं. जनार्दनरावांनी दुसऱ्या दिवशी कारखान्यातून अर्ध्या दिवसाची रजा काढली.

४

भर दुपार. शेडच्या सावलीला खुर्ची टाकून ते बसले, शेजारी पाण्याची सुरई. रेघेचं टोक त्यांच्यापासून दहा-बारा पावलांवर होतं. मैदान तापून थरथरत होतं, पलीकडे मालगाडी गेली, तिचा आवाज विरला, आणि मग इतकं शांत झालं की त्यांना स्वतःचं मनगटी घड्याळ ऐकू येऊ लागलं.

ते टोकाकडे एकटक बघत राहिले. बघत असेपर्यंत काही झालं नाही. डोळ्यांत पाणी आलं, त्यांनी पापणी मिटली, उघडली. टोक तिथेच. समाधानाने त्यांनी सुरई उचलली, दोन घोट प्याले, खाली ठेवली.

टोक वीतभर पुढे आलं होतं आणि तिथली धूळ खाली बसत होती.

पुढचा तासभर त्यांनी हा खेळ केला. खेळच म्हणायचा. बघितलं की थांबे, नजर काढली की येई. एकदा त्यांनी मुद्दाम पाठ फिरवली आणि मनात दहा आकडे मोजले. मागे वळले तेव्हा रेघ खुर्चीच्या पायाला घासून पुढे गेली होती, शेडच्या बंद दाराखालून आत. आपण इतक्या जवळून काहीतरी जाऊ दिलं आणि आपल्याला साधी झुळूकही लागली नाही, याचं त्यांना तेव्हा पहिल्यांदा भय वाटलं. तरी हात कडीकडे गेलाच.

शेड रिकामी होती. चार विमानं उभी राहायची तिथे नुसती जमीन, तेलाचे जुने डाग, भिंतीला टेकवलेली शिडी. पत्र्याच्या भोकांतून उन्हाचे कवडसे पडले होते. रेघ सरळ यशवंतच्या विमानाच्या जागेपर्यंत जाऊन थांबली होती.

आणि आवाज येत होता. टिक. टिक टिक. टिक.

पत्रा, ते म्हणाले. पत्रा तापला की वाजतो, निवला की वाजतो. त्यांनी मान वर करून छताकडे कान दिला. आवाज छतातून येत नव्हता. तो समोरून येत होता, छातीच्या उंचीवरून, जिथे उभ्या विमानाचं इंजिन असतं तिथून. उड्डाण करून आलेलं इंजिन बंद केलं की निवताना असंच वाजतं. हा आवाज त्यांनी शेकडो वेळा ऐकला होता. यशवंत उतरला की पहिल्यांदा टोपी काढून तो ऐकत उभा राही आणि म्हणे, "नाना, गप्पा मारतंय बघा."

त्यांनी हात पुढे केला. शेड उन्हाने तापलेली होती, त्यामुळे हाताला गरम लागलं यात नवल नव्हतं. फक्त ते गरम एकाच जागी होतं. हात बाजूला नेला की नाही, परत आणला की आहे.

त्यांनी हात खिशात घातला आणि बाहेर आले. कडी लावली नाही. का लावली नाही, ते त्यांना कधीच सांगता आलं नाही.

५

दतिया गेटपाशी तारवाला भेटला, त्याने सायकल थांबवून तार हातात दिली. रंगूनला पोचलो, सगळे सुखरूप, परवा परत निघतो. जनार्दनरावांनी ती तिथेच दोनदा वाचली आणि इतका वेळ आवळून धरलेला श्वास सोडला. मुलगा रंगूनला होता. बाकी सगळं ऊन होतं, पत्रा होता, आणि वयाची पन्नाशी होती.

घरात पाऊल टाकलं तर तुपाचा वास. प्रेमलाबाई चुलीपुढे साटोऱ्या करत होत्या. साटोऱ्या म्हणजे यशवंतचा जीव.

"अगं, तार आली. रंगूनला पोचले सगळे."

प्रेमलाबाईंनी ओठावर बोट ठेवलं. "हळू बोला."

"का?"

"झोपलाय." त्यांनी मागच्या खोलीच्या दाराकडे मान केली. ती यशवंतची खोली. "दमून आलाय पोर. एक अक्षर बोलला नाही, सरळ जाऊन पडला."

जनार्दनराव चौकटीला धरून उभे राहिले.

"कोण झोपलाय?"

"कोण म्हणजे? भर दुपारी आला. मी म्हटलं, अरे, तार नाही, निरोप नाही! तुम्ही नाही का त्याच्याबरोबर आलात? दार उघडं टाकून आलात तिकडचं, तर मला वाटलं बरोबरच असाल."

शेडच्या दाराबद्दल त्यांनी बायकोला काही सांगितलेलं नव्हतं. सांगायला वेळच कुठे मिळाला होता? त्यांनी तार पुढे केली. "हे वाच. तो रंगूनला आहे."

प्रेमलाबाईंनी तार वाचली. त्यांना इंग्रजी अक्षरं लावून वाचता येत. "चांगलं झालं," त्या म्हणाल्या, "तिकडचेही पोचले." आणि साटोरी उलटली.

प्रेमलाबाई वेड्या नव्हत्या. वाण्याचं बिल, मोलकरणीचे खाडे, देवळातली भांडणं, सगळं त्या तोंडपाठ बोलत. फक्त दिवसातून दोनदा झाकलेलं ताट घेऊन मागच्या खोलीत जात आणि रिकामं घेऊन येत. "खातो आणि परत झोपतो," म्हणत. "किती झोपायचं माणसाने!"

दुसऱ्या दिवशी त्या देवळात गेल्या तेव्हा जनार्दनरावांनी खोली उघडली. आत कोणी नव्हतं. खुंटीवर यशवंतचा सदरा, खिडकी बंद, मधोमध खाट. उंबऱ्यापासून खाटेपर्यंत फरशीवर तांबूस धूळ सांडलेली होती. मैदानाची माती तशी असते. ती त्यांच्या स्वतःच्या बुटांनाही लागून येई. तेव्हा तेही ठीक होतं. फक्त खाटेची सुतळी मध्ये खाली गेली होती. रिकाम्या खाटेची सुतळी ताठ असते. हिला झोळ आला होता, आणि ती अगदी हळू, सारख्या वेळाने, किंचित वर-खाली होत होती.

त्यांनी दार लावलं. लावल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण ते अलगद लावलं, कडीचा आवाज होऊ न देता. आत कोणी नाही तर अलगद कशाला? हा प्रश्न त्यांनी त्या दिवशी बराच वेळ पुढे ढकलला.

६

विमानं परतायच्या आदल्या दिवशी ते तडक मैदानावर गेले आणि पंचमला म्हणाले, "जोतो बैल. सब मिटा दो. शेड भी अंदर से."

पंचमला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. झाखर फिरलं. वळसा गेला, सरळ रेघ गेली, शेडमधलं टोक गेलं. जमीन सारवल्यासारखी झाली. जनार्दनरावांना फार बरं वाटलं. हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं, असं म्हणत ते घरी आले आणि आल्या आल्या प्रेमलाबाईंना सगळं सांगून टाकलं: रेघ, वळसा, शेड, आणि आता झालेली साफसफाई. मन हलकं करायचं होतं.

प्रेमलाबाईंच्या हातातली पळी तशीच राहिली.

"केर काढलात?"

"काढला. सगळा."

"आत्ता? तो घरात आल्यावर?" त्यांचा चेहरा पडला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्या घाबरलेल्या दिसल्या. "अहो, विश्रांती झाली की तो गेला असता. जसा आला तसा, त्याच वाटेने. आता कुठून जाईल?"

"प्रेमला, तिथे कोणी नाहीये."

"नाही ना? मग पुसलंत कशाला?"

जनार्दनराव हातपाय धुवायला मोरीकडे गेले.

दुसऱ्या दिवशी मैदानावर दोनशे माणूस लोटलं. बडा बाजारातले हलवाई आले, शाळा आल्या, रेल्वेचा बँड आला. प्रेमलाबाई आल्या नाहीत. एक-एक करत विमानं उतरली, शेवटी यशवंतचं. टोपी काढून तो खाली उडी मारता मारता हसला, वाकून वडिलांच्या पाया पडला. जनार्दनरावांनी त्याला दोन्ही दंडांना धरून उठवलं. हाडामांसाचा होता, घामाने ओला होता, त्यांचा होता. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. दोनशे माणसांत त्यांनी ते पुसलंही नाही.

मग सवयीने नजर जमिनीवर गेली.

कालच सारखी केलेली माती, त्यामुळे चार विमानांच्या खुणा छापल्यासारख्या उमटल्या होत्या. तिघांच्या तीन-तीन रेघा. यशवंतच्या दोन. दोन चाकं, आणि मध्ये कोरी जमीन. ते विमानामागे जाऊन खाली बसले. टाच जागेवर होती, मातीला टेकलेली होती. त्यांनी शेपटीला हात घालून सगळा जोर लावून ती थोडी सरकवली. टाच मातीवरून सरकली. मातीवर काही उमटलं नाही.

"नाना, क्या ढूंढ रहे हो?" यशवंत जांभई देत म्हणाला. त्याचे डोळे लाल होते आणि खाली काळं आलं होतं. "चला ना घरी. निघाल्यापासून एक रात्र झोप नाही. डोळे मिटतो, पडून राहतो, पण झोप म्हणून येत नाही. डॉक्टरसाहेबांनी गोळ्या दिल्या, काही नाही. झोप घरीच विसरून गेलो बहुतेक."

टांग्यात तो पूर्ण वेळ रंगूनच्या सोनेरी देवळांबद्दल बोलत होता आणि जनार्दनराव एकच विचार करत होते. याला डॉक्टरांकडे उतरवावं का? आज रात्रीपुरतं? पण मग खोलीतल्याचं काय? घरात कोणी नाही असं धरून चाललो आणि चुकलो, तर? कोणी आहे असं धरलं आणि याला दूर ठेवला, तर? ज्याला दूर ठेवू तोच आपला निघाला, तर? आयुष्यात पहिल्यांदा त्यांना एखादी गोष्ट कळून घ्यायची नव्हती. मुलगा हवा होता, बस. टांगा दतिया गेटमधून घराकडे वळला, तो त्यांनी वळू दिला.

७

प्रेमलाबाई ओसरीवर उभ्या होत्या. त्यांनी यशवंतकडे बराच वेळ पाहिलं, त्याच्या गालावरून हात फिरवला, आणि काहीच विचारलं नाही. ओवाळलंही नाही.

"आई, पहले सोऊंगा, फिर खाऊंगा," तो म्हणाला.

"जा," त्या म्हणाल्या. "हळू जा."

"का?"

यशवंतने वडिलांकडे पाहिलं, खांदे उडवले, बूट-मोजे काढून ओसरीवर ठेवले आणि अनवाणी आत गेला. मागच्या खोलीचं दार उघडल्याचा आवाज आला. मग लागल्याचा. अलगद.

दोघं नवरा-बायको माजघरात बसून राहिले. संध्याकाळचं ऊन भिंतीवर चढत होतं. खाट करकरली. मग पुन्हा करकरली. जनार्दनराव मनाशी म्हणाले, कूस बदलली असेल. दमलेला माणूस कूस बदलतो. त्यांनी श्वासाचा आवाज ओळखायचा प्रयत्न केला. घोरणं सावकाश होतं, गाढ होतं. मुलाला झोप लागली होती, इतक्या दिवसांनी, आणि त्यांना त्याच्यासाठी खरंच बरं वाटलं. भीती होतीच, पण तिच्यासकट बरं वाटलं.

ऊन भिंतीवरून उतरलं तेव्हा आतून हाक आली.

"आई, पाणी."

यशवंतचाच आवाज. प्रेमलाबाई उठल्या. त्या माठापाशी पोचायच्या आत आतून पुन्हा आवाज आला, तोच, तसाच पेंगुळलेला, फक्त खाटेच्या दुसऱ्या बाजूने.

"आई, पाणी."

जनार्दनरावांनी बायकोकडे पाहिलं. त्यांना वाटलं, आता ही किंचाळेल, आणि मग आपल्यालाही किंचाळता येईल. प्रेमलाबाईंनी फळीवरून दोन फुलपात्रं काढली, पदराने पुसली आणि दोन्ही भरली.

"दोघंही दमलेत," त्या म्हणाल्या.

कोपराने त्यांनी दार ढकललं. माजघरातून जनार्दनरावांना खाटेचा फक्त पायथा दिसला. दोन तळवे गोरे, मोज्यांचे वळ उठलेले. आणि त्यांना खेटून दोन तळवे तांबूस मातीने माखलेले, घोट्यांपर्यंत. गोऱ्या तळव्यांतला एक हळूच सरकला आणि शेजारच्या तळव्याला जागा करून दिली. मग दार लोटलं गेलं.

आत प्रेमलाबाई काहीतरी पुटपुटत होत्या, लहानपणी तापात पडलेल्या यशवंतशी बोलत तशा. त्या बाहेर आल्या तेव्हा दोन्ही फुलपात्रं रिकामी होती.